चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर : टाळ्या-शिट्ट्यांच्या रंगभूमीचा नायक

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे मंदावतात आणि पडद्याआडून श्रेयनामावली ऐकू येऊ लागते. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, मग एकेका कलाकाराचे नाव. सर्वांत शेवटी निवेदक ‘आणि’ एवढा एकच शब्द उच्चारतो व क्षणभर थांबतो. पुढचे नाव प्रेक्षकांना ठाऊकच असते. ते पुरते उच्चारले जाण्यापूर्वीच टाळ्या आणि शिट्ट्यांनी नाट्यगृह भरून जाते. ते नाव असते डॉ. काशिनाथ घाणेकर.

१९६० व १९७०च्या दशकांत मराठी नाटके पाहिलेल्या पिढीकडून ही आठवण आजही हमखास सांगितली जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथे जन्मलेला, दंतवैद्यकाची पदवी घेतलेला हा नट मराठी रंगभूमीवरील पहिला ‘सुपरस्टार’ म्हणून ओळखला गेला. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधील लाल्या या दोन भूमिकांनी त्यांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. मात्र ज्या काळात त्यांनी ही लोकप्रियता अनुभवली, त्या काळात नाट्यप्रयोगांचे चित्रमुद्रण करण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे त्यांची खरी कारकीर्द प्रेक्षकांच्या स्मरणात जगली आणि प्रेक्षकांची ती पिढी आता विरळ होत चालली आहे. छोट्या पडद्यापूर्वीच्या या नटाचे मोठेपण नेमके कशात होते, ते त्याला कसे मिळाले आणि त्याची कोणती किंमत त्याने मोजली, हे समजून घेण्यासाठी त्याच्या जीवनाचा पट पुन्हा उलगडून पाहावा लागतो.

चिपळूण ते मुंबई

काशिनाथ घाणेकर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९३० रोजी चिपळूण येथे झाला. वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले हे गाव घाटमाथा आणि बंदरपट्टी यांना जोडणारी जुनी बाजारपेठ आहे. १८६४ साली स्थापन झालेले आणि पुढे लोकमान्य टिळकांचे नाव धारण केलेले येथील वाचन मंदिर गावाच्या वाचनसंस्कृतीची साक्ष देते. कोकणाला नाटकाचे वेड नवे नाही. शिमग्यातील नमन-खेळे, त्यातील संकासूर, गणपतीतील जाखडी आणि गावोगावच्या देवळांतील उत्सवात हौशी मंडळींनी उभी केलेली रात्रभर चालणारी नाटके, यांवर येथील कित्येक पिढ्या वाढल्या. मुंबईला गेलेला चाकरमानी उत्सवाला गावी परतताना नाटकाची नक्कल पाठ करूनच एसटीतून उतरतो, असे गमतीने म्हटले जाते.

कोकण रेल्वे येण्यास तेव्हा अद्याप अर्धशतकाचा अवकाश होता. परंतु शिक्षण आणि नोकरीसाठी मुंबई गाठणे हा रत्नागिरी जिल्ह्यातील तरुणांचा ठरलेला मार्ग होता. घाणेकर याच वाटेने गेले. त्यांनी दंतवैद्यकातील बीडीएस ही पदवी संपादन केली आणि मुंबईत व्यवसाय सुरू केला. दिवसा दवाखाना आणि रात्री नाटक असा त्यांचा सुरुवातीचा दिनक्रम होता. पुढे नाटकाने दवाखान्यावर मात केली. तरी नावामागील ‘डॉक्टर’ ही उपाधी त्यांच्यापासून कधीच सुटली नाही. नाटकाच्या जाहिरातीतही ती कायम राहिली. शिकलेसवरलेल्या घरातील तरुणाने नाटकात जाणे हे त्या काळी फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते. त्या पार्श्वभूमीवर एका पदवीधर डॉक्टरने रंगभूमी हाच आपला व्यवसाय मानावा, याचे मध्यमवर्गीय प्रेक्षकाला मोठे अप्रूप होते.

१९६२ : रायगडाला जाग आली

१९६२ हे वर्ष मराठी व्यावसायिक रंगभूमीच्या दृष्टीने विलक्षण ठरले. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ याच वर्षी रंगमंचावर आले आणि प्रभाकर पणशीकर यांचा लखोबा लोखंडे घराघरांत पोहोचला. याच वर्षी ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ या संस्थेने वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक सादर केले. त्यात संभाजीच्या भूमिकेत होते बत्तीस वर्षांचे डॉ. काशिनाथ घाणेकर.

नाशिक येथे प्राध्यापक असलेल्या कानेटकरांनी या नाटकात लढाया आणि तहनाम्यांऐवजी शिवाजी महाराजांच्या घरातील संघर्ष केंद्रस्थानी आणला. स्वराज्य उभे करणारा पिता आणि त्या पित्याच्या प्रेमासाठी आसुसलेला, दुखावलेला, तापट पुत्र यांच्यातील ताण हा त्याचा गाभा होता. तोपर्यंत मराठी नाटकांतून संभाजी महाराजांची प्रतिमा बहुतांशी विलासी, बेबंद राजपुत्र अशीच उभी राहिली होती. इतिहास संशोधनाच्या क्षेत्रात मात्र वारे बदलू लागले होते. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजी महाराजांवरील साधार चरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले होते. संभाजीकडे नव्या दृष्टीने पाहण्याच्या या काळात घाणेकरांच्या रूपाने प्रेक्षकांना हाडामांसाचा संभाजी दिसला. उंचीपुरी देहयष्टी, घारे भेदक डोळे, अंगात भिनलेली बेफिकिरी आणि एकाएकी फुटणारा आवाज ही त्यांची सामग्री होती. भूमिकेतील राजपुत्राचा संताप आणि नटाचा स्वभाव यांच्यातील सीमारेषा पुसट असल्याचे अनेकांना तेव्हाही जाणवत असे.

मराठी मनातील संभाजी महाराजांची प्रतिमा पुढे अनेक माध्यमांतून घडत गेली. १९७९ साली शिवाजी सावंत यांची ‘छावा’ ही कादंबरी आली. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेने ती प्रतिमा घरातील दूरचित्रवाणी संचापर्यंत नेली. या मालिकेतील संभाजी साकारणारे डॉ. अमोल कोल्हे हेही वैद्यकीय पदवीधर, हा एक योगायोगच. २०२५ साली हिंदी चित्रपट ‘छावा’ने ती देशभर पोहोचवली. मात्र रंगमंचावरील संभाजीसाठी प्रेक्षकांनी जिवाचे कान केले, डोळे पुसले आणि त्याच्या प्रवेशाला टाळ्यांचा कडकडाट केला, ते प्रथम चिपळूणच्या या नटासाठी.

लाल्या : खलनायकाचा नायक

संभाजीने घाणेकरांना मान्यता दिली, तर लाल्याने त्यांना तरुणांचे दैवत केले. वसंत कानेटकर यांचेच ‘अश्रूंची झाली फुले’ हे नाटक १९६६ साली प्रभाकर पणशीकर यांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेतर्फे रंगभूमीवर आले. प्राध्यापक विद्यानंद यांच्या भूमिकेत स्वतः पणशीकर होते, तर महाविद्यालयातील उनाड विद्यार्थी लाल्याची भूमिका घाणेकरांकडे होती. नट तेव्हा पस्तिशी ओलांडलेला आणि भूमिका विशीतील मुलाची. परंतु प्रेक्षकांपैकी कोणालाही हे अंतर खटकले नाही.

या नाटकाची रचना मोठी चतुर आहे. ज्या तत्त्वनिष्ठ शिक्षकाच्या सहवासाने वाया गेलेला विद्यार्थी मार्गावर येतो, त्याच शिक्षकाला खोट्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागते. तो सूडाने पेटून गुन्हेगारीकडे वळतो. एक जण खाली उतरतो, तर दुसरा वर चढतो. अशा नाटकात विद्यानंद हे पात्र लेखकाच्या दृष्टीने केंद्रस्थानी असले, तरी प्रेक्षागृह लाल्याच्या हाती गेले. त्याची चालण्याची ढब, कॉलर वर करून उभे राहण्याची लकब आणि हिंदी ढंगातील तकियाकलाम यांची नक्कल महाविद्यालयांच्या आवारांत होऊ लागली. आतापर्यंत मराठी नाटकाचा प्रेक्षक दाद देत असे ती ‘वाहवा’ने किंवा संयत टाळीने. सिनेमागृहातील शिट्टी नाट्यगृहात आणली ती लाल्याने.

नाटकाच्या कथानकाचे सामर्थ्यही तितकेच मोठे होते. त्यावर आधारित ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट १९६९ साली आला. त्यात अशोककुमार यांनी प्राध्यापकाची भूमिका केली आणि कानेटकरांना उत्कृष्ट कथेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८४ साली यश चोप्रा यांनी याच कथेवरून ‘मशाल’ काढला. त्यात दिलीपकुमार आणि अनिल कपूर होते. हिंदीत या कथेचे दोन अवतार झाले, तरी मराठी प्रेक्षकांच्या लेखी लाल्या एकच राहिला.

कंत्राटाची रंगभूमी आणि नावाची किंमत

घाणेकरांना ‘पहिला सुपरस्टार’ म्हणताना एक प्रश्न उपस्थित होतो. त्यांच्या किती तरी आधी बालगंधर्वांची लोकप्रियता महाराष्ट्राने पाहिली होती. मग हे विशेषण घाणेकरांना का लागले?

याचे उत्तर रंगभूमीच्या बदललेल्या अर्थव्यवस्थेत आहे. संगीत नाटकांच्या काळात नट हा नाटक मंडळीचा घटक असे. मंडळीचा मुक्काम, बिऱ्हाड, पंगत आणि तालीम सारे एकत्र असे आणि लोकप्रियतेचा पाया मुख्यतः गायनाचा होता. स्वातंत्र्योत्तर काळात या मंडळ्या विराम पावल्या. त्यांची जागा निर्मात्यांच्या नाट्यसंस्थांनी आणि कंत्राटदारांनी घेतली. नट प्रयोगागणिक, म्हणजे ‘नाइट’च्या हिशेबाने मानधन घेऊ लागला आणि एकाच वेळी दोन-तीन संस्थांच्या नाटकांत कामे करू लागला. गावोगावचे कंत्राटदार प्रयोग विकत घेत. विकत घेताना त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘काम कोणाचे आहे?’

अशा व्यवस्थेत नटाच्या नावाला रोख किंमत आली. तिकीट खिडकीवर प्लॅन उघडताच ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागतो की नाही, हे जाहिरातीतील नावावर ठरू लागले. गाणे नसलेल्या गद्य नाटकात केवळ आपल्या वावरावर, वाणीवर आणि प्रवेशाच्या क्षणावर गर्दी खेचणारा पहिला नट म्हणून घाणेकरांकडे पाहिले जाते ते याच अर्थाने. श्रेयनामावलीच्या शेवटी ‘आणि’ म्हणून नाव घेण्याची प्रथा हे या नव्या व्यवस्थेचेच चिन्ह होते. बाकीचे कलाकार एका ओळीत आणि एक नट त्या ओळीबाहेर.

या प्रथेची दुसरी बाजूही होती. रंगभूमी ही सांघिक कला आहे. नाव स्वतंत्र झाले की जबाबदारीही एकट्याची होते. प्रयोग रंगला तर श्रेय त्या नावाला आणि पडला तर दोषही त्यालाच. पुढील काळात घाणेकरांना या दोन्ही गोष्टींचा अनुभव आला.

कोकणच्या मातीतील बापू

संभाजी आणि लाल्या यांच्या झगमगाटात घाणेकरांची एक भूमिका काहीशी मागे राहते. रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत जवळची. ती म्हणजे ‘गारंबीचा बापू’. दापोली तालुक्यातील मुर्डी हे जन्मगाव असलेले कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांची ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे त्यांनी तिला नाट्यरूप दिले. गावच्या खोताची सत्ता न जुमानणारा, लोकापवादाची पर्वा न करता राधेवर प्रेम करणारा आणि आपल्या हिमतीवर उभा राहणारा बापू घाणेकरांनी साकारला. खोती पद्धत १९४९च्या कायद्याने रद्द झाली होती. परंतु खोताच्या ओटीवरचा दरारा कोकणातल्या माणसाच्या मनातून इतक्या लवकर जाणार नव्हता. त्या दराऱ्यापुढे मान न झुकवणारा बापू पाहताना मुंबईतील कोकणी प्रेक्षकाला आपल्याच गावातील कोणी तरी आठवत असे.

बापूचा हट्टीपणा, त्याची मिश्किली आणि माडा-पोफळींच्या सावलीत वाढलेला मोकळेपणा यांसाठी घाणेकरांना कोकण नव्याने शिकण्याची गरज नव्हती. १९८० साली या कथेवर मराठी चित्रपट निघाला, तेव्हाही बापू तेच होते. नटाचे गाव आणि भूमिकेचे गाव एकाच जिल्ह्यातील असावे, असा योग त्यांच्या कारकिर्दीत क्वचितच आला.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ या नाटकातील श्याम, तसेच ‘आनंदी गोपाळ’मधील गोपाळराव जोशी याही त्यांच्या उल्लेखनीय भूमिका होत. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाईंचा हा विक्षिप्त, हेकट पण ध्येयाने पछाडलेला पती साकारताना लाल्याची उडी उपयोगाची नव्हती. केवळ शिट्ट्यांचा नट अशी त्यांची ओळख ठरवून टाकणाऱ्यांनी या भूमिकांची दखल घेणे आवश्यक ठरते.

रुपेरी पडद्यावर

नाटकातील यशाबरोबरच घाणेकरांनी मराठी चित्रपटसृष्टीतही स्थान मिळवले. १९६४ साली राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ प्रदर्शित झाला. त्यात भावना या अभिनेत्रीची दुहेरी भूमिका होती आणि नायक घाणेकर होते. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. राज खोसला यांनी याच कथेवर १९६६ साली ‘मेरा साया’ हा गाजलेला हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शक राजदत्त यांचा पहिला चित्रपट ‘मधुचंद्र’ १९६७ साली आला. त्यात उमा आणि घाणेकर ही जोडी होती. पुढे १९७६ साली वसंत जोगळेकर यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटात ते आशा काळे यांच्यासमवेत दिसले. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतामुळे हा चित्रपट आजही लोकांच्या ओठांवर आहे. ‘दादी माँ’ (१९६६) आणि ‘अभिलाषा’ (१९६८) या हिंदी चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या.

आजच्या प्रेक्षकाला घाणेकर ‘दिसतात’ ते या चित्रपटांतूनच. परंतु त्यांच्या समकालीन प्रेक्षकांना विचारल्यास पडद्यावरील घाणेकर म्हणजे अर्धे घाणेकर, असेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. कॅमेऱ्यासमोर त्यांचा देखणेपणा उतरला. पण प्रेक्षागृहातील हजार माणसांच्या श्वासाशी चाललेला त्यांचा खेळ तेथे नव्हता. टाळी घेण्यासाठी क्षणभर थांबणे, ती ओसरू लागताच पुढील वाक्याने तिला पुन्हा उचलणे, ही कला समोर माणसे असल्याशिवाय सिद्ध होत नाही.

दोन डॉक्टर, दोन वाटा

घाणेकरांच्या कारकिर्दीचा विचार करताना आणखी एका डॉक्टर नटाचे नाव अपरिहार्यपणे येते. ते म्हणजे डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेले लागू १९६९ साली वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. योगायोग असा की, ते आले कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून. आणि घाणेकरांच्या गाजलेल्या नाटकांच्या यादीतही हे नाटक आहे. पुढच्याच वर्षी वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ आले आणि लागूंच्या गणपतराव बेलवलकरांनी अभिनयाची नवी मोजपट्टी निर्माण केली.

बदल केवळ एका नटापुरता नव्हता. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली, तर ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले. भव्य प्रवेश, पल्लेदार स्वगते आणि टाळीची वाक्ये यांच्या जागी अंतर्मुख, बोचरे, वास्तवदर्शी नाटक जाणकारांच्या पसंतीस उतरू लागले. घाणेकरांची शैली आता ‘रोमँटिक’ किंवा काहीशी ‘आक्रस्ताळी’ म्हणून हिणवली जाऊ लागली. तरीही सामान्य प्रेक्षकाने त्यांची साथ सोडली नव्हती. दोन डॉक्टरांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद त्या काळी रंगला आणि आजही रंगतो. प्रत्यक्षात या दोघांनी रंगभूमीच्या दोन वेगवेगळ्या गरजा भागवल्या. एकाने प्रेक्षकाला विचार करायला लावला, दुसऱ्याने त्याला नाट्यगृहापर्यंत आणले. नाट्यगृह रिकामे असेल तर विचारही कोणासमोर मांडायचा, हा प्रश्न उरतोच.

यशाची दुसरी बाजू

घाणेकरांचे खासगी जीवन त्यांच्या भूमिकांइतकेच वादळी होते. त्यांचा पहिला विवाह टिकला नाही. पुढे ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचना यांच्या कन्या कांचन यांच्याशी त्यांनी विवाह केला. दोघांच्या वयातील अंतर आणि परिस्थिती पाहता या नात्याला दीर्घकाळ विरोध सहन करावा लागला. कांचन घाणेकर यांनी पुढे ‘नाथ हा माझा’ या आत्मकथनात या सहजीवनाची कहाणी लिहिली. पतीच्या लोकप्रियतेबरोबरच त्यांचा कोपिष्टपणा, लहरीपणा आणि मद्याची आसक्ती यांचेही चित्रण त्यांनी झाकपाक न करता केले. मराठीतील नट-चरित्रांत या पुस्तकाने वेगळे स्थान मिळवले ते या प्रांजळपणामुळे.

मद्यपानाचा परिणाम कामावर होऊ लागला. रात्री प्रयोग, पहाटे गाडी, दुसऱ्या दिवशी दुसरे गाव, असे नाट्यव्यवसायातील जीवन मुळातच दमवणारे. त्यात ‘हाऊसफुल्ल’ची सवय झालेल्या नटाला रिकाम्या खुर्च्या पाहणे अधिक जड जाते. ज्या टाळीने नाव मोठे केले, त्या टाळीवाचून राहणे कठीण व्हावे, ही लोकप्रिय नटाची जुनीच शोकांतिका. घाणेकरांच्या बाबतीत ती अधिक तीव्र झाली, कारण मधल्या काळात आधार देईल असे दुसरे माध्यम त्यांच्यासमोर नव्हते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’सारख्या मालिकेने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घरोघरी नेले. परंतु नटाला वर्षानुवर्षे काम आणि स्थैर्य देणारा मालिकांचा व्यवसाय अद्याप उभा राहिला नव्हता. आज नाटकाचे प्रयोग कमी झाले तरी मालिकेचे चित्रीकरण नटाचे घर चालवते आणि मालिकेतील ओळख पुन्हा नाटकाला प्रेक्षक मिळवून देते. हा आधार घाणेकरांच्या वाट्याला आला नाही. त्यांना दर रात्री प्रेक्षकांसमोर उभे राहून आपले नाव पुन्हा कमवावे लागत होते.

अमरावतीची अखेर

२ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावती येथे हृदयविकाराने डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५५ वर्षांचे होते. चिपळूणपासून दूर, मुंबईतील घरापासून दूर, दौऱ्यावरच्या गावी त्यांनी अखेरचा श्वास घेतला. शेवटपर्यंत रंगभूमी सुटली नाही, असे त्यांच्याबाबत अक्षरशः म्हणता येते.

मागे काय उरले?

घाणेकरांच्या निधनानंतर तीन दशकांनी त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते अभिजित देशपांडे आणि शीर्षक भूमिकेत होते सुबोध भावे. प्रसाद ओक यांनी पणशीकरांची, सुमीत राघवन यांनी डॉ. लागूंची, सोनाली कुलकर्णी यांनी सुलोचनादीदींची, तर वैदेही परशुरामी यांनी कांचन यांची भूमिका केली. ज्या तरुण प्रेक्षकांनी घाणेकरांचे नावही ऐकले नव्हते, त्यांनी चित्रपटगृहात लाल्यासाठी शिट्ट्या वाजवल्या. श्रेयनामावलीतील ‘आणि’ हा शब्द चित्रपटाच्या शीर्षकात आला, यावरून त्या एका शब्दाचे वजन लक्षात यावे.

ठाण्यातील एका नाट्यगृहालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे नाटकाला येणाऱ्या अनेकांना ‘घाणेकर’ म्हणजे नाट्यगृहाचे नाव एवढेच ठाऊक असते. चिपळूणमध्येही त्यांना रंगमंचावर पाहिलेली माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. २००५ आणि २०२१ सालच्या महापुरांनी या शहरातील घरांत शिरून पुस्तके, कागदपत्रे, जुने फोटो असा कित्येक घरांचा ठेवा वाहून नेला. अशा गावाला स्मृती जपण्याचे मोल अधिक कळते. नटाची स्मृती तर कागदावरही पुरती उतरत नाही. लेखकाची संहिता उरते, गायकाची ध्वनिमुद्रिका उरते, चित्रपटातील नट पडद्यावर पुन्हा हलतो-बोलतो. रंगमंचावरील नटाची भूमिका मात्र पडदा पडताच संपते. उरते ती पाहणाऱ्याच्या बोलण्यात.

या दृष्टीने ज्यांनी ‘रायगड’ किंवा ‘अश्रू’चे प्रयोग पाहिले, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे आजही करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी मोठा निधी किंवा मोठी वास्तू लागत नाही. घरातील आजी-आजोबांसमोर बसून ‘तुम्ही लाल्या पाहिला होता का?’ एवढा प्रश्न विचारला, तरी पुष्कळ काही हाती लागेल. उत्तर देताना त्यांचा हात आपसूक कॉलरकडे गेला, तर घाणेकरांचा तेवढा अभिनय अद्याप शिल्लक आहे, असे समजावे.

दृष्टिक्षेपात जीवनपट

१४ सप्टेंबर १९३० : चिपळूण येथे जन्म
१९६२ : ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, संभाजीची भूमिका
१९६४ : चित्रपट ‘पाठलाग’
१९६६ : ‘अश्रूंची झाली फुले’, लाल्याची भूमिका, हिंदी चित्रपट ‘दादी माँ’
१९६७ : चित्रपट ‘मधुचंद्र’
१९६८ : हिंदी चित्रपट ‘अभिलाषा’
१९७६ : चित्रपट ‘हा खेळ सावल्यांचा’
१९८० : चित्रपट ‘गारंबीचा बापू’
२ मार्च १९८६ : अमरावती येथे निधन
८ नोव्हेंबर २०१८ : चरित्रपट ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ प्रदर्शित